बायजामावशीची जबानी

“वकीलसाहेब, हात बघू,” बायजामावशी म्हणाली.

मी कागद मांडीवरून खाली ठेवले आणि हात पुढे केला. बाजेवर पडल्या पडल्याच तिने माझी चारही बोटं गोळा केली, अंगठा आत दुमडला, पंजा एकदा हलकेच दाबून पाहिला आणि सोडून दिला.

“अडीच,” ती म्हणाली. “लगीन व्हायचंय. सैपाक सोताच करता, आन् त्यो बी करपतो.”

“हे कशावरून?”

“त्ये सांगत न्हाई.”

उंबऱ्याशी बसलेली हरणाबाई पदराआड हसली. गेल्या चार महिन्यांत माझ्या अशिलाला मी पहिल्यांदाच हसताना पाहत होतो.

बायजामावशी कासारीण होती. पाठीवर काचेच्या बांगड्यांची पेटी घेऊन तिने साठ वर्षं सात गावं धरली होती. जत्रेत घसरून तिचं माकडहाड मोडलं आणि ती बाजेला लागली. कोर्टापर्यंत येणं शक्य नव्हतं, म्हणून कोर्टच तिच्या घरी यायचं होतं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मुलाणी वकील कोर्ट कमिशनर म्हणून येणार होते आणि तिथेच, बाजेशेजारी, तिची जबानी लिहून घेणार होते.

दावा साधा होता. हरणाबाई विधवा होती, शिवराम बोराटे विधुर होता. दोघांचाही दुसरेपणा, म्हणून पत्रिका नाही, वाजंत्री नाही. डोंगरावरच्या देवळात चार माणसांत हार घातले आणि घरी आले. एकवीस वर्षं संसार झाला. शिवराम गेला, आणि तेराव्यानंतर त्याचा धाकटा भाऊ गणपत म्हणाला की ही बाई भावाची बायको नव्हतीच. खुरपायला आली होती, ती राहिली. गावात त्याला एक शब्द आहे, तो त्याने दाव्याच्या उत्तरात लिहूनही दिला होता. आता तिने घर सोडावं, असं त्याचं म्हणणं होतं. देवळातला गुरव वारला होता. हार घालताना असलेली चारही माणसं वारली होती. उरली होती ती घरी येऊन हरणाबाईच्या हातात हिरवा चुडा भरणारी बायजामावशी.

मी सव्वीस वर्षांचा होतो. साक्षीदार तयार करण्याची माझी एक पद्धत होती आणि तिचा मला अभिमान होता.

“मावशी, एकच लक्षात ठेवा. विचारलं तेवढंच सांगायचं.”

“आन् न इचारलेलं?”

“ते पोटात.”

“ह्ये मला शिकवाया एवढ्या लांब आलासा?” ती म्हणाली. “बाई हात देती तवा निम्मं घर हातात देती. कुणाचा हात सुजलेला, कुणाचा पोळलेला, कुणाचा नवऱ्यानं पिरगळलेला. कासारणीनं हात बघायचा, माप घ्यायचं, आन् बांगडी भरायची. बोलायचं काय त्यात?” आणि ती पडल्या पडल्या, हवेतच कुणाचा तरी हात धरल्यासारखी बोटं हलवत, गुणगुणली:

बांगडी भर बाई, बेताबेतानं हातात
काचेला कळू नये काय दडलं मनगटात

मी तिच्याकडून सहा प्रश्न पाठ करून घेतले. नाव, धंदा, किती वर्षं, हरणाबाईला ओळखता का, चुडा कधी भरला, कुणाच्या घरी. सहा उत्तरं सरळ आली. मी खूश होऊन उठलो.

फाट्यापर्यंत हरणाबाई माझ्याबरोबर चालत आली. वाटेत निवडुंगाच्या कुंपणाजवळ ती थांबली.

“साहेब, वकिलाला सांगितलेलं कुठं जातं?”

“कुठंही जात नाही. पुराव्याच्या कायद्यात तसं कलमच आहे. खुद्द कोर्टानं विचारलं तरी अशिलानं सांगितलेलं मला सांगता येत नाही. तुम्ही मोकळीक दिल्याशिवाय माझं तोंड बंद.”

“आन् कासारणीचं?”

“कासारणीला कलम नाही.”

“मग ती कशी गप ऱ्हाती?”

मी घड्याळ पाहिलं.

मग तिने डाव्या हातावरचा पदर कोपरापर्यंत सारला. मनगटाच्या वर एक खूण होती. ती कुणी केली, कशी झाली आणि त्या रात्रीनंतर काय घडलं, हे तिने मला तिथे उभ्याने सांगितलं. पहिल्या घरची गोष्ट होती. पाच-सात मिनिटांत सांगून झाली. ती मी इथेही लिहिणार नाही.

“शिवरामला ठाऊक होतं?”

“त्येंना, बायजाला, आन् आता तुमाला.” तिने पदर ओढून घेतला. “उद्या दिराचा त्यो खर्डेकर वकील इचारील, एवढ्या बायांत हिचाच हात कसा ध्यानात ऱ्हायला. त्याला ह्येच उत्तर हाय. म्हनून तुमाला सांगून ठिवलं. पर त्ये कागदावर येऊ द्यायचं न्हाई.”

“त्यामुळे दावा हरलो तर?”

“घर गेलं तर मी कुठंबी ऱ्हाईन,” ती म्हणाली. “ह्ये भाईर आलं तर लेकीच्या सासरी कळंल. मग लेक कुठं ऱ्हाईल?”

लेक पहिल्या घरची. तिला सांगोल्याकडे दिली होती आणि ती बरी नांदत होती.

“नाही येणार कागदावर,” मी म्हणालो. “माझा शब्द.”

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला मुलाणी वकील आले. मोठं सज्जन माणूस. त्यांना एकच सवय होती: साक्षीदार जे बोलेल ते कोर्टाच्या भाषेत मोठ्याने म्हणत म्हणत लिहायचं. बाजेशेजारी शाळेतून आणलेलं टेबल लावलं होतं. एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला खर्डेकर वकील, पंचवीस वर्षांची वकिली आणि काखेत छत्री. त्यांच्यामागे गणपत बोराटे, टोपी गुडघ्यावर ठेवून. हरणाबाई कालच्याच जागी, उंबऱ्याशी.

शपथ झाली. मी सरतपास सुरू केला.

“तुमचं नाव?”

“बायजा.”

“पूर्ण नाव सांगा.”

“मग तसं इचारायचं. बायजाबाई इठोबा कासार.”

“धंदा?”

“बांगड्या.”

“बांगड्या काय?”

“बांगड्या काय म्हंजी? भरते.”

“माझा बांगड्या भरण्याचा व्यवसाय आहे,” मुलाणी म्हणाले आणि लिहिलं.

“किती वर्षं?”

“आता भरत न्हाई. पडून हाय. दिसत न्हाई का?”

मी घाम पुसला. तिने माझा नियम इतका घट्ट धरला होता की तिच्याकडून शिवराम बोराट्याच्या घराचं नाव काढायला मला पाव तास लागला. पण शेवटी आलं. एकवीस वर्षांमागे, चैत्रात, शिवरामच्या आईने तिला घरी बोलावलं. हरणाबाईला नवरीचा हिरवा चुडा भरला. मुलाणींनी लिहिलं. माझे सहा प्रश्न संपले आणि मी खाली बसलो.

खर्डेकर उठले. उलटतपासाला ते नेहमी घरच्या माणसाशी बोलावं तसे बोलत.

“मावशी, आजवर किती बायकांना बांगड्या भरल्यात?”

“मोजल्या न्हाईत.”

“दहा हजार असतील?”

“तुम्ही म्हणता तर आसतील. मी मोजल्या न्हाईत.”

“सुमारे दहा हजार स्त्रियांना बांगड्या भरल्या हे म्हणणे मी नाकारू शकत नाही,” मुलाणी म्हणाले.

“तसं न्हाई म्हनाले मी.”

“त्याचा अर्थ तोच होतो, बाई.”

“मग आसू द्या.”

खर्डेकर जरा पुढे वाकले. “दहा हजार हात. आणि एकवीस वर्षांनी हरणाबाईचाच हात तेवढा लक्षात राहिला?”

“ऱ्हायला.”

“का?”

बायजामावशीने हरणाबाईकडे पाहिलं नाही. आढ्याकडे पाहिलं. परड्यात कोंबडी खुडखुडत होती, तिचा आवाज आत येत होता.

“त्ये सांगायचं न्हाई.”

“बाई,” मुलाणी म्हणाले, “पूर्ण खरं सांगेन, अशी शपथ घेतलीत मघाशी.”

“तुम्ही म्हनाया लावलं, मी म्हनाले.”

“म्हणजे सांगणार नाही?”

“न्हाई.”

मी डोक्यातल्या डोक्यात सगळा पुराव्याचा कायदा चाळला. वकिलाला कलम होतं. नवरा-बायकोला होतं. सरकारी कामातल्या गुपितांनाही होतं. कासारीण कुठेच नव्हती. मुलाणींनी नाइलाजाने लिहिलं: ‘हरणाबाईचा हात लक्षात राहण्याचे कारण सांगण्यास साक्षीदार तयार नाही.’

एवढं एक वाक्य दावा बुडवायला पुरेसं होतं. खर्डेकरांनाही ते कळलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, खिशाला अडकवलं आणि छत्री उचलली. गणपतने टोपी डोक्यावर ठेवली. खर्डेकर तिथेच थांबले असते तर ही गोष्ट मला सांगावीच लागली नसती. पण समोरचा पडला की त्याला एकदा हलवून बघावंसं वाटतं, हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे.

“एक शेवटचं,” ते हसत म्हणाले. “म्हणजे त्या दिवशी बोराट्यांच्या घरी गेला होतात याला तुमच्या शब्दापलीकडे आधार नाही. की तिथं आणखी कुणाला भरल्या होत्या बांगड्या? असतील तर सांगा की!”

बायजामावशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “ह्ये इचारलंय न्हवं?”

“विचारलंय,” मी म्हणालो. काय येणार आहे याची मला काडीइतकी कल्पना नव्हती.

“मग लिवा,” ती मुलाणींना म्हणाली आणि बोटं हवेत हलवू लागली. “पयली हरणी. हिरवा चुडा, सव्वादोन. मग सासू धोंडाबाई, तवा सासरा जिता हुता, तिला बी हिरव्याच, हात जाड, साबन लावून भरल्या. मग ह्या गणपतरावांची मालकीण कोंडाबाई, जांभळ्या काचा, पोटुशी हुती म्हनून सैल भरल्या. मग नणंद तारा, तिला कोंडीसारक्याच जांभळ्या पायजे हुत्या, त्या सरल्या, तवा ती रडली. मग चुलतसासू. मग चुलतसासूची सून, माहेराहून त्याच दिशी आलेली, हातात माहेरच्या बांगड्या, म्हनून मधी दोनच भरल्या. आन् शेवटाला ताराची पोर, तिला काळी मनगटी.”

“सगळ्यांना?” खर्डेकर म्हणाले.

“आवो, नवरीचा चुडा भराया कासारीण बसली की घरातल्या एका बाईचा बी हात तसाच ठिवून तिला उठता येतंय व्हय? तुमच्या घरात लग्नं झाली न्हाईत?”

खर्डेकरांच्या घरात चार लग्नं झाली होती. चारही वेळा ते बाहेर मांडवात असणार. चुडा भरतात त्या खोलीत मीही आयुष्यात कधी गेलो नव्हतो. मुलाणीही नाहीत. इथे बाजेभोवती आम्ही तिघे कायदा शिकलेले होतो, आणि ही रीत माहीत असलेल्या दोघींपैकी एकीला मी विचारलं तेवढंच सांगायला शिकवलं होतं आणि दुसरीला काही विचारलंच नव्हतं.

“ठेवलेल्या बाईसाठी सगळं घर हात म्होरं करत न्हाई,” बायजामावशी म्हणाली. “आन् निघताना माझी पेटी ह्या गणपतरावांनीच फाट्यावर आणून दिली.”

खर्डेकर वळले. गणपतने टोपी पुन्हा काढली.

“लई जड हुती,” तो म्हणाला.

मुलाणींनी पेन उचललं. “हे लिहू का?”

“नका लिहू,” खर्डेकर म्हणाले आणि बसले. मुलाणींनी नाही लिहिलं. पण सात बायका लिहिल्या. नावा-नात्यानिशी, काचेच्या रंगानिशी. त्यातल्या चौघी हयात होत्या. कुणाच्या हातावर काय होतं, याचं त्यात अक्षरही नव्हतं.

“फेरतपास?” मुलाणींनी मला विचारलं.

‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. लहान शब्द आहे.

पण मघाचं ते वाक्य कागदावर तसंच होतं: ‘कारण सांगण्यास तयार नाही.’ सात बायकांच्या वर ते मला पांढऱ्या धोतरावरच्या डागासारखं दिसत होतं. माझ्याकडे त्या डागाचं औषध होतं. एक प्रश्न, एक उत्तर, आणि खर्डेकरांना अपिलातही तोंड उघडायला जागा उरली नसती. मी उठलो तेव्हा मला निवडुंगाचं कुंपण आठवत नव्हतं असं मी म्हणणार नाही. आठवत होतं. तरी उठलो.

“मावशी,” मी म्हणालो, “त्या दिवशी हरणाबाईंच्या डाव्या हातावर तुम्हाला काय दिसलं?”

हरणाबाईने मान वर केली नाही. फक्त डाव्या हातावरचा पदर बोटांच्या टोकांपर्यंत खाली आला.

बायजामावशीने माझ्याकडे पाहिलं. पेटी उघडल्यावर तडकलेली बांगडी सापडावी, आणि ती बाजूला ठेवावी की फेकावी हे ठरवावं, तसं.

“काय न्हाई,” ती म्हणाली.

“नीट आठवून सांगा,” मुलाणी म्हणाले.

“आठवूनच सांगती. हातावानी हात हुता. काय दिसलं न्हाई.”

“डाव्या हातावर मला काही दिसले नाही,” मुलाणी म्हणाले आणि लिहिलं.

त्या अख्ख्या जबानीत तेवढं एकच वाक्य खोटं होतं, ते शपथेवर होतं, आणि ते मी विचारून घेतलं होतं.

मग रीतीप्रमाणे मुलाणींनी सगळी जबानी पहिल्यापासून वाचून दाखवली. माझा प्रश्नही वाचला, आवाज न बदलता, बाकीच्या प्रश्नांसारखाच. हरणाबाई जमिनीकडे पाहत ऐकत होती. बायजामावशीचा अंगठा मी शाईला लावला. तो कागदावर टेकवण्याआधी तिने मुलाणींना विचारलं, “सगळं बराबर लिवलंय न्हवं?”

“तुम्ही सांगितलंत तसंच.”

“मग बराबर,” ती म्हणाली आणि अंगठा उठवला. माझ्याकडे तिने पुन्हा पाहिलं नाही. हात बघते असंही म्हणाली नाही.

फाट्याकडे जाताना हरणाबाई पुढे चालत होती.

“हरणाबाई,” मी मागून म्हणालो, “ते मी केवळ दाव्याच्या मजबुतीसाठी—”

“गाडी आली, साहेब.”

गाडी त्यानंतर चाळीस मिनिटांनी आली. तेवढा वेळ ती रस्त्याच्या एका बाजूला उभी राहिली आणि मी दुसऱ्या.

चौदा महिन्यांनी निकाल लागला. हयात चौघींपैकी नणंद तारा आपणहून साक्षीला आली. जांभळ्या काचा खरंच सरल्या होत्या, असं तिने शपथेवर सांगितलं, आणि एवढ्या वर्षांनीही त्याचा तिला राग होता हे न्यायाधीशांना दिसलं. हरणाबाई शिवराम बोराट्याची लग्नाची बायको आहे, घर तिचं आहे, असा हुकूम झाला. कारण न सांगण्याबद्दल न्यायाधीशांनी निकालात एक ओळ लिहिली होती: वृद्ध साक्षीदाराचा स्वभाव हेकट दिसतो, त्यास महत्त्व देण्याचे कारण नाही. माझ्या फेरतपासाचा उल्लेखही नव्हता. त्याची गरजच पडली नव्हती.

बायजामावशी तोवर राहिली नव्हती. हरणाबाई निकालाची नक्कल घ्यायला आली, माझ्या टेबलावर नारळ ठेवला, वाकून नमस्कार केला.

“तुम्ही घर राखलंत,” ती म्हणाली.

“बसा, चहा घ्या.”

“नगं. गाडी हाय.”

मी खिडकीतून पाहिलं. स्टँडवर एकही गाडी नव्हती.

पुढे तीन वर्षांनी, बार रूममध्ये दुपारचा चहा चालला होता, तेव्हा खर्डेकर माझ्या शेजारी येऊन बसले.

“तुमच्या त्या हरणाबाई काल माझ्याकडे आल्या होत्या.”

“तुमच्याकडे?”

“मृत्युपत्र करायला. घर लेकीच्या नावानं करायचंय. मी म्हटलं, अहो, मी तुमच्याविरुद्ध उभा होतो, तुमच्याबद्दल नाही नाही ते लिहून दिलं होतं. तुमचा हक्काचा वकील समोरच्या खोलीत बसतो. त्याच्याकडे का नाही जात?”

“मग?”

“म्हणाल्या, ‘तुमाला माझं काय बी ठाव न्हाई, म्हणून आले.’” खर्डेकरांनी बशीत चहा ओतला. “वकील असा निवडतात का हो कुठं? मृत्युपत्र मी करून दिलं, पण रात्रभर विचार करत होतो. काय आहे काय त्या बाईचं? तुम्हाला माहीत असेल.”

बार रूममध्ये आणखी पाच-सहा जण होते. दोघांनी पेपर खाली केला.

“नाही,” मी म्हणालो. “मला काही माहीत नाही.”